न झोपणारा कान

रस्त्यात कोणाला अपघात झाला, तर तो हाक मारतो आणि आजूबाजूचे लोक धावून येतात. घराला आग लागली, तर शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन येतात. जमिनीवर माणसाला माणसाचा शेजार असतो. समुद्रावर मात्र तसे नसते. तेथे चारही बाजूंना पाणीच पाणी असते. किनारा दिसत नाही. दुसरे जहाज असलेच, तर ते दूर क्षितिजावर ठिपक्यासारखे दिसते. अशा वेळी होडीत पाणी शिरले, इंजिनाला आग लागली किंवा एखादा खलाशी पाण्यात पडला, तर हाक कोणाला मारायची? आणि मारलेली हाक ऐकणार कोण?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागली. त्याच्या दोन गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट 'टायटॅनिक' या प्रचंड जहाजाची. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास अटलांटिक महासागरात हे जहाज हिमनगावर आदळले. जहाजावर बिनतारी संदेश पाठवण्याचे यंत्र होते. संदेश पाठवणारे तरुण आपल्या जागेवरून हलले नाहीत. ते सारखे संदेश पाठवत राहिले. त्या वेळी काही मैलांवर 'कॅलिफोर्नियन' नावाचे दुसरे जहाज उभे होते. त्याच्यावरही बिनतारी यंत्र होते. पण ते चालवणारा माणूस एकच होता. दिवसभराचे काम संपवून, यंत्र बंद करून तो थोड्याच वेळापूर्वी झोपायला गेला होता. म्हणून जवळच्या जहाजाला ती हाक ऐकूच आली नाही. 'कार्पाथिया' नावाचे जहाज पन्नासहून अधिक मैल दूर होते. त्यावरचा माणूसही झोपायच्याच तयारीत होता, पण त्याने कानावरचे यंत्र अजून उतरवले नव्हते. त्याला हाक ऐकू आली. ते जहाज पहाटे चारच्या सुमारास तेथे पोहोचले. सातशेहून थोडे अधिक लोक वाचले. सुमारे पंधराशे माणसे मात्र त्या रात्री मृत्युमुखी पडली.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईजवळची आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' नावाची बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पावसाळ्याचे दिवस होते. बोट प्रवाशांनी भरलेली होती. वाटेत, काशाच्या खडकाजवळ, वादळी वारा आणि मोठ्या लाटा यांनी बोट कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. मुंबईचे बंदर तेथून काही मैलांवर होते, परंतु बंदरात कित्येक तास कोणालाच काही कळले नाही. कारण 'रामदास' बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हते. पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून ही बातमी कळली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेऊन कित्येकांचे प्राण वाचवले.

या दोन गोष्टींचा नीट विचार करा. 'टायटॅनिक'ला तोंड होते, पण जवळच्या जहाजाचा कान झोपला होता. 'रामदास'ला तर तोंडच नव्हते. संकटात हाक मारणारे तोंड हवे, तसाच ती ऐकणारा जागा कानही हवा. दोन्हींपैकी एक नसेल, तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही.

'टायटॅनिक'च्या अपघातानंतर जगातील अनेक देश लंडन येथे एकत्र आले. १९१४ साली त्यांनी समुद्रावरील सुरक्षिततेचे नियम ठरवले. मोठ्या जहाजांवर रात्रंदिवस कोणीतरी बिनतारी यंत्र ऐकत बसले पाहिजे, असे त्यांत होते. पुढे टिंब आणि रेघ यांच्या सांकेतिक भाषेऐवजी प्रत्यक्ष बोलता येईल असे रेडिओ आले. संकटात सापडलेल्या माणसाने काय म्हणायचे, हेही ठरले. 'मेडे' हा शब्द तीन वेळा म्हणायचा. 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो तयार झाला आहे. १९२७ साली त्याला जगभर मान्यता मिळाली.

आज जहाजांवर आणि मोठ्या होड्यांवर जो रेडिओ असतो, त्यात अनेक वाहिन्या असतात. आपल्या घरच्या रेडिओवर जशी निरनिराळी केंद्रे लागतात, तशाच या वाहिन्या. फरक एवढाच, की येथे ऐकणाऱ्याला बोलताही येते. त्यांपैकी १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखून ठेवलेली आहे. तिची वारंवारता १५६.८ मेगाहर्ट्झ आहे. समुद्रावर असताना ही वाहिनी ऐकत राहावे, असा रिवाज आहे.

मग एवढ्याने काम भागले का? नाही. सोळाव्या वाहिनीवर दिवसभर बोलणे चालू असते. कोणी बंदराला हाक मारतो, कोणी दुसऱ्या जहाजाला. सतत खरखर ऐकून माणूस कंटाळतो. मग तो आवाज कमी करतो किंवा त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. बोलणारा घाबरलेला असतो. तो भराभर बोलतो, आपण कोठे आहोत हे सांगायचे विसरतो. कधी त्याची भाषा ऐकणाऱ्याला कळत नाही. कधी वाऱ्याच्या आवाजात शब्द हरवतात. आणि होडी झपाट्याने बुडत असेल, तर सगळे सांगायला वेळच मिळत नाही.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी एक नवी युक्ती काढली. ऐकत बसण्याचे काम त्यांनी यंत्राकडे सोपवले. यंत्राला झोप येत नाही आणि कंटाळाही येत नाही. या युक्तीचे नाव 'डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग'. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे तिला 'डी.एस.सी.' म्हणतात. डिजिटल म्हणजे अंकांच्या रूपातली, सिलेक्टिव्ह म्हणजे निवडक आणि कॉलिंग म्हणजे हाक मारणे. थोडक्यात, आपल्याला हव्या त्या जहाजाला किंवा सर्वांनाच अंकांच्या साहाय्याने मारलेली हाक म्हणजे डी.एस.सी.

ही हाक कशी काम करते, ते आता पाहू.

तुमच्या घरातल्या टेलिफोनला जसा क्रमांक असतो, तसा डी.एस.सी. असलेल्या प्रत्येक जहाजाच्या रेडिओला नऊ अंकी क्रमांक असतो. जहाजाच्या क्रमांकातील पहिले तीन अंक देश सांगतात. भारताचे अंक ४१९ आहेत. म्हणजे ४१९ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, की ते जहाज भारताचे आहे, हे जगात कोठेही कळते. किनाऱ्यावरील केंद्राचा क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतो. काही जहाजांचा मिळून एक गट केला असेल, तर त्या गटाचा क्रमांक एका शून्याने सुरू होतो.

या अंकी हाकेसाठी ७० क्रमांकाची वाहिनी वेगळी ठेवली आहे. तिची वारंवारता १५६.५२५ मेगाहर्ट्झ आहे. या वाहिनीवर कोणी तोंडाने बोलायचे नाही, असा कडक नियम आहे. तेथे फक्त यंत्रे एकमेकांशी बोलतात. त्यांच्या भाषेत दोनच अक्षरे आहेत, शून्य आणि एक. शून्यासाठी एक स्वर आणि एकासाठी दुसरा स्वर. एका सेकंदात असे १२०० स्वर जातात. आपल्या कानाला ती केवळ एक छोटीशी किरकिर वाटते. संपूर्ण हाक सुमारे अर्ध्या सेकंदात संपते. तेवढ्या वेळात आपल्याला 'मेडे' हा शब्दही धड म्हणता येत नाही.

एवढ्या घाईत चूक झाली तर? त्याचीही सोय केलेली आहे. सात अंकांचा एक गट पाठवला, की त्यात शून्ये किती होती, हे पुढच्या तीन अंकांत सांगितले जाते. घेणारे यंत्र शून्ये मोजून पाहते. हिशेब जुळला नाही, तर वाटेत काही बिघडले, हे त्याला समजते. दुकानदार सामानाची यादी देतो आणि खाली 'एकूण नग सात' असे लिहितो, तसेच हे आहे. शिवाय प्रत्येक गट थोड्या अंतराने दोनदा पाठवला जातो. पहिल्या वेळी बिघडला, तरी दुसऱ्या वेळी नीट पोहोचण्याची शक्यता असते.

या रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटण असते. चुकून हात लागू नये म्हणून ते झाकणाखाली ठेवलेले असते. खरे संकट आले, तर झाकण उघडायचे आणि बटण काही सेकंद दाबून धरायचे. वेळ असेल, तर दाबण्यापूर्वी संकटाचा प्रकारही निवडता येतो. आग, पाणी शिरणे, टक्कर, जमिनीला लागणे, कलंडणे, बुडणे, इंजिन बंद पडून वाहत जाणे, चाच्यांचा हल्ला, माणूस पाण्यात पडणे असे प्रकार यादीत असतात. वेळ नसेल, तर नुसते बटण दाबले तरी चालते.

बटण दाबताच रेडिओ चार गोष्टी सांगतो. मी कोण, म्हणजे माझा नऊ अंकी क्रमांक. मी कोठे, म्हणजे माझे अक्षांश आणि रेखांश. ही जागा किती वाजताची आणि संकट कोणते. आसपासच्या जहाजांवर व किनाऱ्यावरील केंद्रात जेथे जेथे असा रेडिओ चालू असेल, तेथे तेथे मोठ्याने घंटा वाजते आणि पडद्यावर ही माहिती उमटते. कोणी ऐकत बसलेले असो वा नसो, घंटा वाजतेच. १९१२ साली 'कॅलिफोर्नियन'वर अशी घंटा असती, तर झोपलेला माणूस नक्कीच उठला असता.

उत्तर मिळेपर्यंत हा रेडिओ गप्प बसत नाही. साधारण दर चार मिनिटांनी तो तीच हाक आपोआप पुन्हा मारतो. तांडेल तोपर्यंत पाणी उपसू शकतो, माणसांना प्राणरक्षक जाकिटे घालू शकतो. किनाऱ्यावरील केंद्राने 'तुमची हाक मिळाली' असे यंत्रानेच उत्तर दिले, की ही पुनरावृत्ती थांबते. त्यानंतर सोळाव्या वाहिनीवर तोंडी बोलणे सुरू होते. आपण किती माणसे आहोत, कोणी जखमी आहे का, होडी अजून तरंगते आहे का, हे तेथे सांगायचे.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. शेजारच्या जहाजाने ती हाक ऐकली, तर त्याने बटण दाबून लगेच उत्तर का देऊ नये? कारण असे, की यंत्राने दिलेले उत्तर मिळताच हाक थांबते. किनाऱ्यावरील केंद्राला ती अजून मिळाली नसेल, तर पुढेही मिळणार नाही. म्हणून शेजारच्या जहाजाने आधी सोळाव्या वाहिनीवर कान द्यावा आणि किनाऱ्याला उत्तर देण्याची संधी द्यावी. किनाऱ्याचे उत्तर आले नाही, तर तोंडी उत्तर द्यावे आणि ही बातमी किनाऱ्याला पोहोचवावी. मदतीची घाई असली, तरी तिलाही शिस्त लागते.

डी.एस.सी. केवळ संकटासाठी नाही. तिच्या हाका चार प्रकारच्या असतात. पहिली जीव धोक्यात असतानाची. दुसरी तातडीची, जसे कोणी खलाशी आजारी पडला किंवा इंजिन बंद पडले, पण लगेच बुडण्याचे भय नाही. तिसरी सावधगिरीची, जसे वादळ येत आहे किंवा पाण्यात मोठा ओंडका तरंगत आहे. आणि चौथी रोजच्या कामाची. रोजच्या कामात एका जहाजाला दुसऱ्याशी बोलायचे असेल, तर त्याचा क्रमांक लावायचा. घंटा फक्त त्याच जहाजावर वाजते. बाकीच्यांना त्रास होत नाही आणि सोळावी वाहिनीही मोकळी राहते.

१९८८ साली जगातील देशांनी ठरवले, की मोठ्या जहाजांवर संकटाची हाक मारण्याची ही नवी व्यवस्था असलीच पाहिजे. १ फेब्रुवारी १९९२ पासून ती हळूहळू लागू झाली आणि १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे अमलात आली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी जहाजांना आणि ३०० टन किंवा त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांना हा नियम आहे. कोकणातील कित्येक घरांतील माणसे अशा जहाजांवर नोकरी करतात. जहाजावरचा रेडिओ चालवायचा, तर त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते.

मात्र या रेडिओच्या काही मर्यादा आहेत. त्याच्या लहरी साधारणपणे प्रकाशासारख्या सरळ जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरची होडी क्षितिजाखाली जाते. म्हणून उंच मनोऱ्यावरील किनारी केंद्राशी २० ते ३० सागरी मैलांपर्यंत आणि दोन लहान होड्यांमध्ये त्याहून बरेच कमी अंतर संपर्क होतो. एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. त्यापलीकडे दुसऱ्या प्रकारच्या लहरींचे रेडिओ लागतात किंवा उपग्रहांची मदत घ्यावी लागते. आपल्या इस्रो या संस्थेने मच्छीमारांसाठी उपग्रहामार्फत हाक मारणारे एक छोटे यंत्र तयार केले आहे. ते २०१० पासून वापरात आले. २०२४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात एक मोठी सुधारणा आहे. 'तुमची हाक मिळाली' असे उत्तर आता होडीवर परत येते. भर समुद्रात, अंधारात, त्या एका उत्तराने माणसाला किती धीर येत असेल, याची कल्पना करा.

यंत्र कितीही हुशार असले, तरी तीन गोष्टी माणसानेच करायच्या असतात. पहिली, आपला नऊ अंकी क्रमांक अधिकृतपणे घ्यायचा आणि रेडिओत भरायचा. क्रमांक भरलेला नसेल, तर लाल बटण मुके राहते. क्रमांकाबरोबर जहाजाचे नाव, मालकाचा पत्ता आणि घरच्यांचा टेलिफोनही नोंदवायचा. नाहीतर किनाऱ्यावर नुसते नऊ अंक दिसतील, पण कोणाची होडी आहे ते कळणार नाही. दुसरी, उपग्रहांवरून जागा सांगणारे जी.पी.एस. यंत्र रेडिओला जोडायचे. ते जोडलेले नसेल, तर रेडिओला 'मी कोण' हे सांगता येते, पण 'मी कोठे' हे आपोआप सांगता येत नाही. समुद्र एवढा मोठा आहे, की नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही. तिसरी, ही यंत्रे चालवायला होडीवरील एकाच माणसाने शिकून भागत नाही. तांडेलच पाण्यात पडला, तर बटण कोण दाबणार?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाल बटण हे खेळणे नव्हे. चुकून दाबले गेले, तर घाबरून रेडिओ बंद करून बसायचे नाही. हाक थांबवायची आणि सोळाव्या वाहिनीवर ताबडतोब सांगायचे, की ही हाक चुकीने गेली आहे, आम्ही सुखरूप आहोत. असे सांगितले नाही, तर बचाव करणारी माणसे आपला जीव धोक्यात घालून नसलेल्या संकटाकडे निघतील. त्याच वेळी दुसरीकडे खरोखर कोणी बुडत असेल, तर त्याच्याकडे जायला कोणी उरणार नाही. लांडगा आला रे आला, असे खोटेच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच.

आपल्या समुद्रावर हाका ऐकण्याचे आणि मदतीला धावण्याचे काम भारतीय तटरक्षक दल करते. मुंबई, चेन्नई आणि अंदमान येथे त्यांची शोध व बचाव केंद्रे आहेत. किनाऱ्यावरून कोणाला होडी संकटात दिसली, तर १५५४ हा क्रमांक फिरवून त्यांना कळवता येते. या केंद्रांत रात्रंदिवस माणसे जागी असतात. यंत्र हाक ऐकते आणि घंटा वाजवते, पण वादळात बोट घेऊन निघायचे असते ते माणसालाच. रेवसच्या कोळ्यांनी १९४७ साली जे केले, तेच काम आजही करावे लागते. यंत्राने एवढेच केले आहे, की आता कोणाला 'आम्हांला हाक ऐकूच आली नाही' असे म्हणावे लागू नये.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कॅलिफोर्नियन' जहाजाला 'टायटॅनिक'ची हाक का ऐकू आली नाही?
(आ) भारतीय जहाजांच्या नऊ अंकी क्रमांकाची सुरुवात कोणत्या अंकांनी होते?
(इ) ७० क्रमांकाच्या वाहिनीवर कोणता कडक नियम आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाल बटण दाबल्यावर रेडिओ कोणत्या चार गोष्टी सांगतो?
(आ) शेजारच्या जहाजाने लगेच यंत्राने उत्तर का देऊ नये?
(इ) बटण चुकून दाबले गेले, तर काय करावे? का?

३. ११०१००१ या सात अंकांच्या गटात शून्ये किती आहेत? घेणाऱ्या यंत्राला 'चार शून्ये' असा हिशेब मिळाला, तर त्याला काय समजेल?

४. 'संकटात हाक मारणारे तोंड हवे, तसाच ती ऐकणारा जागा कानही हवा.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.